रिकामा परत आलेला डबा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, माझा नंबर तुम्हाला कुणी दिला? ते हसले. मी हसले नाही. परदेशात जाऊन एका बाईने उद्योग कसा उभारला, याबद्दल प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, प्रेरणेचं मला माहीत नाही, पण केळीच्या वेफर्सबद्दल लिहीन आणि डब्यांबद्दल लिहीन. डब्यांचं काय, ते त्यांना कळलं नाही. तरी बरं म्हणाले. इतक्या चटकन बरं म्हणणाऱ्या माणसाचा मला जरा संशयच येतो, पण लिहायला बसले.

माझं माहेर धुळ्याचं, सासर फैजपूरचं. धुळ्याची पोर केळीच्या मुलखात दिली म्हणून माहेरचे खूश होते. लग्नानंतर काही वर्षांनी मी आणि यजमानांनी, भास्कररावांनी, फैजपूरच्या रस्त्याला कढई मांडली आणि वेफर्सचं दुकान सुरू केलं. भास्करराव फार विश्वासू माणूस. तेलवाल्याने ‘भाऊ, एकदम शुद्ध’ म्हटलं की यांनी डबा उतरवून घेतलाच. मग मी त्यातलं पळीभर तेल तापवायचे, वास घ्यायचे आणि डबा परत पाठवायचे. आमचा संसार असाच चालला. त्यांनी माणसं जोडायची आणि मी ती तपासायची.

वेफर्सचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. केळं भरलेलं हवं, पण पिकायला लागलेलं नको. आत गोडवा उतरला की तळताना काप लाल पडतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ होतात. व्यापारी वरून हिरवीगार केळी दाखवतो. मी एक मोडून मधोमध बघते. तिथे जरा जरी पिवळी झाक असली तरी अख्खा घड परत. सोलताना चिकाने हात काळे होतात, म्हणून आधी हातांना तेल लावायचं. मग किसणी थेट कढईवर धरून काप उकळत्या तेलात सोडायचे आणि वरून पळीने मिठाचं पाणी. तेल फसफसून वर येतं, नवा माणूस दोन पावलं मागे सरतो. फसफस थांबली की काप झाले. मी अजूनही डोळ्यांनी नाही, कानांनी तळते.

भास्कररावांचे थोरले चुलत भाऊ, आमचे नाना, पूर्व आफ्रिकेतल्या एका गावात लोखंडी सामानाचं दुकान चालवायचे. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे अजून आपली माणसं धंदा करतात. नाना एका लग्नाला आले आणि सांगू लागले, तिकडे केळीला तोटा नाही, तळून पुडीत भरणारं मात्र कुणी नाही. भास्करराव त्याच रात्री मनाने तिकडे जाऊन पोचले. मी मात्र नानांना विचारलं, एवढं सोपं आहे तर तुम्हीच का नाही केलंत? नाना म्हणाले, “मले कुठं तळता येतं?” उत्तर बरोबर होतं, म्हणून मला आणखीच संशय आला. तरी गेलो. फैजपूरचं दुकान मोडलं, कढया विकल्या, शेत भावकीला कसायला दिलं. मागे परत येण्यासारखं फारसं काही ठेवलं नाही.

सामानात मी माझ्या आंदणातले स्टीलचे डबे घेतले. धुळ्याला लग्नात भांडी द्यायची तर दुकानातच त्यांवर नाव घालून घेतात. प्रत्येक डब्याच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: चि. सौ. कां. मंगला हिस, मावशीकडून. कुठे आत्याकडून, कुठे मामांकडून. भास्करराव म्हणाले, परदेशात डबे मिळत नाहीत का? मी म्हटलं, मिळतात, पण आपले नाही मिळत.

तिथला नियम असा होता: धंद्याचा परवाना असेल तरच राहायचा परवाना, आणि दोन्ही दर वर्षी नवे करायचे. वेफर्सची भट्टी बंद पडली तर नुसती भट्टी बंद पडणार नव्हती, आम्हाला देशच सोडावा लागणार होता. हे तिथल्या प्रत्येक टेबलावरच्या माणसाला माहीत होतं. त्यातला कुणी तोंडाने पैसे मागत नसे. तो फक्त चूक काढायचा. खिडकीला जाळी नाही. जाळी बसवली, तर ती बारीक नाही. बारीक बसवली, तर हात धुवायची जागा दारापासून लांब आहे. आम्ही बदल करत राहिलो आणि तो चुका काढत राहिला, तेव्हा नानांनी समजावलं की ह्यात जाळीचा काही संबंध नाही.

दिले का? दिले. नाही दिले असं लिहिलं तर तुम्हीच माझा संशय घ्याल. भास्करराव देऊन यायचे आणि त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत. त्यांना पैसे गेल्यापेक्षा त्या माणसाच्या पाया पडल्यासारखं झालं याचं जास्त लागायचं, आणि मला त्यांच्याकडे बघून जास्त राग यायचा.

शेवटी भट्टी पेटली. तिकडची केळी बुटकी आणि चिकट, पहिले काही घाणे काळे निघाले. मग हळूहळू जमलं. पहिला चांगला घाणा निघाला तेव्हा मी तो विकायला पाठवला नाही. आमच्याकडे शेतातलं नवं धान्य असो की घरात केलेला नवा पदार्थ, आधी शेजारीपाजारी वाटायचा. त्याला वाणवळा म्हणतात. धुळ्याला माझी आई हुरडा, शेंगा, पापड, काहीही असलं तरी मला गल्लीत पाठवायची आणि दारातून ओरडून सांगायची, “बठ्ठास्ले दे. एखादालेच दिधं ते तो वाणवळा नही, तो वशिला शे.” बठ्ठास्ले म्हणजे सगळ्यांना. घेणाऱ्याकडचीही रीत ठरलेली. भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकायची.

मी डबे भरले आणि गल्लीत वाटत निघाले. समोर मामा झुबेदा शिवणकाम करायच्या. तिकडे मामा म्हणजे आई. माझ्या जिभेवर ते बसायला बरेच दिवस लागले. त्यांना दिला, त्यांच्या शेजारच्या सायकलवाल्याला दिला, दवाखान्यातल्या नर्सला, कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीला, आणि गल्लीच्या टोकाला अन्नतपासणीचं कार्यालय होतं, तिथेही दिला. आई म्हणाली होती, सगळ्यांना. गल्लीतलं एक घर कसं सोडायचं?

नानांना कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. “मंगला, हे काय करी बसली तू? आता त्याह्यले सवय लागीन.”

मामा झुबेदांनी दुसऱ्याच दिवशी डबा परत आणला, त्यात भुईमुगाचे भाजलेले दाणे. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या आजोळीही रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणे. सायकलवाल्याने खोबऱ्याचे तुकडे घातले होते. तपासणी कार्यालयाचा डबा मात्र परत आला नाही. त्याऐवजी शुक्रवारी तिथले साहेब स्वतः आले. ऊन असो की आभाळ, त्यांच्या काखेत कायम छत्री असायची, म्हणून मी त्यांना छत्रीवाले साहेब म्हणायचे. ते म्हणाले, परवाचे ते पिवळे काप छान होते. आणि टेबलावर बोटं वाजवत बसून राहिले.

पुढच्या शुक्रवारी परत आले. मग दर शुक्रवारी. आम्ही दिलेल्या पहिल्या डब्याचा त्यांनी दरच ठरवून टाकला होता. एरवी पुडीतले वेफर्स चालायचे, पण वर्षाच्या मोठ्या सणाला डब्यातलेच हवेत, आणि तो डबा कधीच परत करायचे नाहीत. आत्याकडचा गेला, माहेरच्या मामांकडचा गेला. खरं सांगते, त्यांनी घेतलेल्या पैशांपेक्षा मला डब्यांचं दुःख जास्त झालं. मी एकदा तोंड उघडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, कुठले डबे?

अशी काही वर्षं गेली. भट्टी चांगली चालत होती. मामा झुबेदांची सून तळायला शिकली, कानांनी तळायला. सणावारी वाणवळा गल्लीत जायचा आणि गल्लीतून परत यायचा. मग एके दिवशी छत्रीवाले साहेब आले नाहीत. पुढच्या शुक्रवारीही नाहीत. भास्करराव म्हणाले, आजारी असतील बिचारे. मी म्हटलं, मोठा डबा मागायला गेले असतील.

तिसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. बारीक अंगाच्या, केस अगदी कातरलेले, सोबत पोलीस, आणि हातात माझ्या मावशीचा डबा. भास्करराव पुढे होऊन म्हणाले, अरे वा, मिळाला का? मी त्यांचा हात दाबला.

बाई छत्रीवाल्यांच्या जागेवर आल्या होत्या. साहेबांना पैसे खाताना पकडलं होतं आणि त्यांचं कपाट उघडलं तेव्हा त्यात ओळीने स्टीलचे डबे सापडले. सगळे नोटांनी भरलेले. आमच्या मुलखातल्या बाया पैसे डाळीच्या डब्यात लपवतात, तसा त्या माणसाने साऱ्या गावाचा पैसा माझ्या आंदणात भरून ठेवला होता. आणि प्रत्येक डब्यावर माझं नाव. बाईंनी बाजारातल्या एका गुजराती दुकानदाराकडून अक्षरं वाचून घेतली होती. त्याला सगळं नाही लागलं, पण मंगला तेवढं लागलं, आणि गावात मंगला एकच.

मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. स्वतःची बाटली काढून प्यायल्या, भट्टीला कुलूप घालून त्यावर सरकारी मोहोर लावली आणि चौकशीला बोलावू असं सांगून गेल्या. परवाना नवा करायची वेळ तोंडावर आली होती. मोहोर निघाली नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर सामान बांधायचं.

संध्याकाळी नाना आले. दार लावून बसले आणि म्हणाले, “नव्या बाईलेही काहीतरी लागतच असीन. पाणी घेत नाही म्हणजे भाव मोठा हाये.” भास्करराव म्हणाले, मला चांगली बाई वाटते. त्यांना छत्रीवालाही पहिल्या दिवशी चांगला वाटला होता. मला काय वाटलं? मला नानांचंच पटलं. तिथे इतकी वर्षं काढल्यावर, मोहोर लावणं ही घासाघिशीची सुरुवात असते, एवढंच आम्ही शिकलो होतो. पण मला नानांचाही संशय आला. आमच्याकडे शुक्रवारी कोण येतं हे बाहेर कुणाला ठाऊक होतं? नानांना. बाईंकडे जायची घाई कुणाला होती? नानांना. त्या रात्री मी बाजारातल्या त्या गुजराती दुकानदाराचा, पोलीस चौकीचा आणि नर्सचाही संशय घेतला. झोप आली नाही. भास्करराव शांत झोपले होते, त्याचाही राग आला.

चौकशीच्या दिवशी नाना आमच्यासोबत आले. अंगात कोट होता आणि कोटाच्या आतल्या खिशात पाकीट. मला त्याची कड दिसली. मी त्यांना म्हटलं, नाना, तुम्ही बाहेर थांबा. ते हं म्हणाले आणि बाकावर बसले.

आत टेबलावर माझे सगळे डबे मांडले होते. बाईंनी विचारलं, हे तुमचे? मी म्हटलं, माझे. तुम्हीच दिले? मीच दिले. त्यात काय घालून? वेफर्स. बाईंनी एका डब्याचं झाकण काढलं, आतलं मला दाखवलं. तो रिकामा केलेला होता, पण त्या म्हणाल्या, यात काय सापडलं ते तुम्हाला माहीत आहे. वेफर्स होते हे कोण मानेल?

इतकी वर्षं मी दुसऱ्याचं केळं मोडून आत बघत आले होते. आज माझं मोडलं होतं आणि आत पिवळी झाक निघाली होती.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. मामा झुबेदा आल्या होत्या, मागे त्यांची सून, सायकलवाला, नर्स. प्रत्येकाच्या हातात माझा एकेक डबा. माझे डबे गल्लीत फिरतच असायचे. कुठला कुणाकडे आहे याचा मी हिशेब ठेवत नव्हते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. भट्टीवरची मोहोर बघून मामांनीच घरोघर जाऊन गोळा केले होते. त्यांनी आपला डबा टेबलावर त्या डब्यांच्या शेजारी ठेवला. तीच ठिपक्यांची अक्षरं. त्या बाईंना म्हणाल्या, “हा मलाही दिला. मी कुठली साहेब? मी ब्लाउज शिवते.”

बाईंनी झाकण उघडलं. आत दाणे होते. सायकलवाल्याच्या डब्यात खोबरं. नर्सच्या डब्यात हलवा. बाई म्हणाल्या, तुम्ही ह्यांनाही खाऊ घातलंय, म्हणजे हे तुमच्याच बाजूने बोलणार.

मला तो संशय आवडला. मीही हाच घेतला असता. तिथली भाषा मला बाजारापुरतीच यायची, पण त्या दिवशी जेवढी येत होती तेवढी सगळी वापरली. मी म्हटलं, बाई, माझी आई सांगायची, सगळ्यांना द्यायचं. एकालाच दिलं तर ते देणं नाही, ती लाच आहे. मी गल्लीत सगळ्यांना दिलं. ज्याला ते देणं वाटलं त्याने डबा भरून परत केला. ज्याने परत केला नाही, त्याला विचारा त्याला काय वाटलं. पैसेही आम्ही दिलेत, ते वेगळे, यांनी हातात दिलेत, डब्यात नाही. ते लिहून घ्यायचं तर घ्या.

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. पैशांचं कबूल करायचं असं आमचं ठरलं नव्हतं. बाईंनी तेही लिहून घेतलं. कोणी मागितले, कशासाठी मागितले, सगळं. मग म्हणाल्या, निकाल लेखी कळवू.

आम्ही बाहेर आलो. गाडीत बसलो तर नाना नाहीत. बऱ्याच वेळाने ते कार्यालयातूनच बाहेर आले. कोटाची बटणं लावलेली. मी विचारलं, कुठे होतात? म्हणाले, लघवीला.

थोड्याच दिवसांत मोहोर निघाली आणि परवाना हातात पडला. राहायची परवानगीही मिळाली. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. भास्कररावांना झाला, त्यांनी गल्लीत पेढे वाटले. नाना आले, परवाना उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाले, “झालं ना काम? मंग.”

हे ‘मंग’ माझ्या घशाखाली उतरेना. परवाना भिंतीवर लावला होता, तिकडे पाहिलं की मला नानांच्या कोटाची बटणं दिसायची. आमचं खरं बोलणं कामाला आलं, का त्या पाकिटाने काम केलं? नानांना विचारलं तर ते नुसते हसायचे. त्यांना हसण्यातच फायदा होता, काम त्यांनी केलं असं गावभर वाटत होतं. भास्करराव म्हणायचे, आता सोड ना. मला सोडता आलं नाही. पाकिटाने मिळालेल्या परवान्यावर राहायचं, तर मग मी त्या बाईंसमोर आईचं नाव कशाला घेतलं?

छत्रीवाल्यांचा खटला संपला तेव्हा कार्यालयातून निरोप आला, आपल्या वस्तू घेऊन जा. मी एकटीच गेले. बाईंनी डबे काढून ठेवले होते. सही केली आणि उठायच्या ऐवजी मी बसून राहिले. मग सरळ विचारलं, त्या दिवशी आमच्या नानांनी तुम्हाला काही दिलं होतं का?

बाईंनी नाही अशी मान हलवली. म्हणाल्या, “त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. म्हणाले, ही आमच्याकडची रीत आहे, त्या डब्यांसारखीच. मी विचारलं, मग हे गल्लीत सगळ्यांना वाटून आलात का?”

मी विचारलं, मग?

“मग त्यांनी ते परत खिशात घातलं.”

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. धुळ्याच्या गल्लीत दारातून ओरडणारी माझी आई जणू त्या टेबलापलीकडे बसली होती. बाईंनी मावशीचा डबा माझ्यापुढे सरकवला. सवयीने मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं, घासून पुसून लख्ख होता. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे रिकामा परत करत नाहीत, तुम्हीच सांगितलं होतं. पण मला रिकामाच द्यावा लागेल. मी म्हटलं, रिकामाच द्या. आणि दोन्ही हातांनी घेतला.

नानांशी पुढे बोलणं तुटलं. ते मला खटकतं. त्यांनीच आम्हाला तिकडे नेलं, त्यांच्या परीने त्यांनी वाचवायलाच पाहिलं होतं, आणि मी त्यांच्या खिशातली गोष्ट बाईंकडून काढून घेतली हे त्यांना सहन झालं नाही. भास्कररावांचे गुडघे गेले तसे आम्ही परत आलो. भट्टी मामा झुबेदांची सून चालवते. तिने पाठवलेल्या व्हिडिओत मी फसफस ऐकते आणि घाणा लवकर काढतेस असं कळवते.

आता आम्ही जळगावात, मेहरूणला राहतो. स्वस्थ बसवत नाही म्हणून घरामागे लहानशी कढई मांडली आहे. दिवाळीला डबे गल्लीत जातात आणि भरून येतात. मावशीचा डबा मात्र मी पाठवत नाही, तो फळीवर रिकामा ठेवला आहे. परवा इथल्या अन्नतपासणीच्या कार्यालयातले गृहस्थ परवान्याचे कागद बघायला आले. खिडकीची जाळी बोटाने दाबून पाहिली, बारीक नाही म्हणाले आणि टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, आम्हाला दिवाळीचं काही नाही का? मी म्हटलं, गल्लीत सगळ्यांना देते, तुमची गल्ली कोणती? ते हसले. मी हसले नाही. मग त्यांची नजर फळीवर गेली, त्यात काय आहे म्हणाले. मी डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जसा होता तसा मला परत केला.